बाल्कनीखालचा थांबा

आमच्या कॉलनीच्या सेक्रेटरीबाईंना तक्रार करता यायची, आणि ही काही साधी गोष्ट नाही. बाकीच्यांना नुसतं कुरकुरता येतं.

नळाला करंगळीएवढी धार येते, रस्ता पाइपसाठी खणून बुजवला की लगेच केबलसाठी खणतात, शाळेत एका बाकावर चार पोरं कोंबतात, धुळीमुळे खिडकी उघडायची सोय नाही, समोर आणखी एक टॉवर उठतोय, आणि दवाखान्यात नंबर लागेपर्यंत माणूस आपोआप बरा होतो. हे सगळं कॉलनीतला प्रत्येक जण जिन्यात उभं राहून बोलायचा आणि घरी जाऊन टीव्ही लावायचा. बाई मात्र लिहायच्या. फोटो जोडायच्या, अर्ज स्वतः नगरपालिकेत नेऊन द्यायच्या, आणि साहेब जागेवर नसले तर त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर ठाण मांडून बसायच्या. कोपऱ्यावरचा दिवा त्यांच्यामुळे लागला, उघडं गटार त्यांच्यामुळे झाकलं गेलं. कॉलनीत त्यांचा दरारा होता आणि खरं सांगायचं तर त्यांना तो आवडायचाही.

घरात त्या, त्यांचा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी उभा जन्म कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलण्यात घालवला होता. बायको गेली तसं मुलानं त्यांना आपल्याकडे आणलं. वेगळी खोली दिली, टीव्ही दिला, गुडघ्यांना बरे म्हणून निळ्या पट्ट्यांचे मऊ बूट आणून दिले. बोलायला माणूस तेवढा दिला नाही.

अण्णा रोज सकाळी "जरा फिरून येतो" म्हणून बाहेर पडत, जेवायला येत, संध्याकाळी परत जात. कुठे फिरता, असं त्यांना कुणी कधी विचारलं नाही. म्हातारा स्वतःच्या पायांनी हिंडतोय, आणखी काय पाहिजे, असं नवराबायको दोघंही धरून चालले होते.

बाईंच्या बाल्कनीखाली, तीन मजले खाली, बसचा थांबा होता. पूर्वी तिथे एखादी बस यायची आणि रिकामीच जायची. मागच्या शेतांत टॉवर उभे राहिले आणि थांब्यावर जत्रा भरायला लागली. वाळत घातलेल्या कपड्यांवर धूर बसायचा. चहाचे कागदी कप उडत फाटकाच्या आत यायचे. कॉलनीच्या भिंतीवर लोक सोफ्यावर बसावं तसे बसायचे. आणि वर तो हशा! बाई घरी शिकवण्या घ्यायच्या. इकडे त्या फळ्यावर अपूर्णांक मांडताहेत आणि तिकडे खाली कुणीतरी काहीतरी बोलतंय आणि पन्नास माणसं खो खो हसताहेत. विनोद वरपर्यंत पोचायचा नाही, हशा तेवढा पोचायचा. पोरांचं लक्ष अपूर्णांकांवरून उडायचं आणि बाईंचं डोकं सटकायचं.

शेवटी त्यांनी पदर खोचला. नवऱ्याचा फोन चांगला होता म्हणून फोटो त्यानं काढले, बाल्कनीतून, तीनचार दिवस ओळीनं. थांब्याच्या पत्र्याखाली माणसांचे चेहरे दिसत नव्हते, फक्त पाय दिसत होते. पण बाईंची नजर पक्की.

"अहो, हे बघा! प्रत्येक फोटोत हेच बूट. हा माणूस बसमध्ये चढतच नाही. नुसता बसून असतो."

"कमाल आहे तुझी," नवरा म्हणाला.

बाईंनी प्रत्येक फोटोत त्या बुटांभोवती लाल गोल काढला आणि अर्जात लिहिलं, "काही रिकामटेकड्या व्यक्ती कोणत्याही बसमध्ये न चढता दिवसभर थांब्यावर ठिय्या देऊन बसतात व गर्दी जमवतात. सोबत पुरावा जोडला आहे."

पुरावा कामी आला. एके दिवशी पालिकेची माणसं आली, पत्रा उतरवला, बाक उखडून ट्रकमध्ये टाकले आणि नव्या रुंद रस्त्याच्या पलीकडे नुसता एक खांब रोवून गेली. कॉलनीच्या ग्रुपवर बाईंचं कौतुक मावेना. अण्णांकडे साधा फोन, त्यांना त्या ग्रुपचा पत्ता नव्हता, आणि घरात त्यांच्याशी हे बोलायचं कुणाला सुचलं नाही.

त्या दिवशी अण्णा फिरायला गेले आणि लगेच परत आले. दुसऱ्या दिवशीही तसंच. मग ते जायचेच बंद झाले.

"काय झालं अण्णा? बरं नाही का?"

"गुडघा धरलाय."

बाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, मलम आणलं, डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, मन रमवा कशात तरी. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले. जेवण अर्ध्यावर आलं. बाई रोज विचारायच्या, अण्णा रोज गुडघा म्हणायचे.

मग एका दुपारी बेल वाजली. दारात एक मुलगी, अंगावर दवाखान्यातल्या नर्सचा गणवेश.

"कंट्रोलर काका इथेच राहतात का हो?"

"इथे कुणी कंट्रोलर नाही. दुसरी इमारत असेल."

"वॉचमननं हीच सांगितली. उंच आहेत, टक्कल आहे. माणूस भेटला की त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरतात आणि म्हणतात, किती दिलेस, फसलास."

असा माणूस या भूतलावर एकच होता आणि तो आतल्या खोलीत झोपला होता. बाईंनी तिला बसायला सांगितलं.

"खूप दिवस दिसले नाहीत, म्हणून सगळ्यांनी मला पाठवलं," मुलगी म्हणाली. "बरे आहेत ना? थांब्यावर ते नसले की आमचे हाल होतात. बसचे नंबर सारखे बदलतात, पाटी कुणी बदलत नाही. काका ड्रायव्हरांना विचारून सगळं लक्षात ठेवायचे. म्हणून तर त्यांना कंट्रोलर म्हणतो. आणि हसवायचे किती! मी या गावात आले तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात त्या बाकावर बसून रडत होते. काका शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, रड, पण ओढणीला डोळे पुसू नकोस, रंग कच्चा आहे."

बाईंनी पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला.

"आता तो नवा खांब म्हणजे शिक्षा आहे. सावली नाही, बसायला नाही, आणि तो रस्ता काकांना ओलांडता यायचा नाही. कुणीतरी तक्रार केली म्हणे. कुठल्या मेल्याच्या डोळ्यांत आम्ही खुपत होतो कोण जाणे."

"चहा टाकते," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

बाहेर आवाज ऐकून अण्णा उठून आले होते. स्वयंपाकघरातून बाईंना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. तुझ्या दवाखान्याची बस अजून उशिराच येते का, त्या सुताराच्या पोराला नोकरी लागली का, ती जोडगोळी अजून भांडते का. इतकं बोलताना बाईंनी त्यांना या घरात कधी ऐकलं नव्हतं. मुलगी हसली. मग अण्णाही हसले, आणि बाईंनी हा हसण्याचा आवाज ओळखला. अपूर्णांकांच्या मध्ये घुसणारा तोच हा आवाज.

ती गेल्यावर बाईंनी आपल्या फोनमधले अर्जाचे फोटो उघडले. लाल गोलातले बूट. निळ्या पट्ट्यांचे. मग त्या दाराशी गेल्या. चपलांच्या रॅकवर तेच बूट होते, रोज तिथेच असायचे. रोज झाडताना त्या ते उचलून बाजूला ठेवत होत्या. रॅकवरचे बूट कोण बघतं? बाई तिथेच जमिनीवर बसल्या. आपली आपल्यालाच इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी नवरा आला. बाईंनी फोन त्याच्या हातात दिला आणि रॅककडे बोट दाखवलं. त्याला समजायला वेळ लागला. समजल्यावर तो खाली बसला.

"फोटो मीच काढले," तो म्हणाला. "रोज काढले. स्वतःच्या बापाचे पाय मला ओळखता आले नाहीत."

"आता काय करायचं?"

"अण्णांना कळता कामा नये. गुपचूप दुसरा अर्ज करू, थांबा परत आणू. त्यांना सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

बाईंना हे पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा बरं वाटलं. जेवणाची ताटं घेतली तेव्हा त्यांचा जीव थोडा भांड्यात पडला होता.

अण्णा आज स्वतःहून टेबलाशी आले. मुलीनं त्यांच्यात जरा जीव ओतला होता.

"सूनबाई, तुझ्यापाशी एक काम आहे."

"सांगा ना अण्णा."

"एक तक्रार लिहून दे. थांबा परत आणा म्हणून. तू लिहिलंस की पालिका हलते, हे मी थांब्यावर सगळ्यांना सांगत असतो. माझी सून म्हणजे वाघीण आहे म्हणून."

नवऱ्यानं त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"आत्ताच लिही. मी सांगतो," अण्णा म्हणाले. कागद आला. ते दुकानात गिऱ्हाइकाला माल समजावत असतील तसे सावकाश सांगायला लागले. लांबून कामाला जाणाऱ्या बायका, औषधाला जाणारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या आया. पत्रा हवा, बाक हवा, रस्ता ओलांडायला लागू नये. बाई लिहीत होत्या, अक्षर वाकडं येत होतं.

"आणि हे घाल. ज्या कुणी थांबा हलवायला लावला, त्याच्या घरात म्हातारं माणूस नसणार. असतं तर त्याला कळलं असतं." अण्णा थांबले. "लिहिलंस? वाच बघू."

बाईंनी लिहिलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं. नवरा टेबलाखालून पायानं ढोसत होता, नको, नको म्हणून.

"अण्णा, ती तक्रार मी केली होती."

अण्णांना नीट ऐकू आलं नसावं असं क्षणभर वाटलं. मग त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान खाली घातली.

"आम्हाला माहीत नव्हतं अण्णा," तो पुटपुटला, "तुम्ही तिथे बसता म्हणून."

"माहीत नव्हतं, ते दिसतंय." अण्णांनी सुनेकडे तोंड वळवलं. "माझ्याबद्दल होतं काही त्यात?"

खोटं बोलणं सोपं होतं. बाई म्हणाल्या, "होतं. रिकामटेकडे लिहिलं होतं."

अण्णांनी ताट बाजूला सारलं. "खोटं नाही ते," ते म्हणाले. "काम काय होतं मला." त्यांनी कागदाकडे बोट केलं. "ते शेवटचं वाक्य खोड. चुकलं माझं. म्हातारं माणूस आहे घरात."

ते उठून खोलीत गेले. त्यांनी आदळआपट केली असती, चार शब्द सुनावले असते, तर बाईंना मान वर करायला जागा मिळाली असती. ती अण्णांनी ठेवली नाही. नवराबायको उष्ट्या ताटांसमोर बसून राहिले.

सकाळी बाईंनी शिकवणीच्या पोरांना सुट्टी दिली आणि अण्णांच्या खोलीच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"चला अण्णा. मी नेते तुम्हाला पलीकडे."

"कशाला? तुझी कामं असतील."

"चला."

रस्ता ओलांडायला फार वेळ लागला. ट्रक थांबत नव्हते, सिमेंटचे मिक्सर थांबत नव्हते, मोटारवाले काच खाली करून ओरडत होते. मधल्या दुभाजकावर अण्णांनी सुनेचा दंड घट्ट धरला. या घरात आल्यापासून त्यांनी तिला हात लावायची ही पहिलीच वेळ होती.

खांबापाशी लोक उन्हात उभे होते. एकानं पाहिलं आणि ओरडला, "कंट्रोलर आले!" सगळे धावले. कुणी रुमाल अंथरून दगडावर बसायला जागा केली, कुणी पाण्याची बाटली पुढे केली. अण्णांनी बाटलीवाल्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरली आणि लोक आधीच हसायला लागले.

"या काकांच्या सूनबाई का?" एका बाईनं विचारलं. "त्या तक्रारी लिहिणाऱ्या? बरं झालं आलात. काका तुमच्याबद्दल फार सांगतात. बघा ना आमची काय दशा केली ते. कुणी हलवला हो हा थांबा, लागला का पत्ता?"

सगळ्यांच्या माना बाईंकडे वळल्या. नर्स मुलगीही त्यात होती.

"असेल कुणीतरी," अण्णा घाईनं मध्ये पडले. "गाव केवढं वाढलंय. इथे कोण कुणाला ओळखतो?"

त्यांनी सुनेकडे पाहिलंसुद्धा नाही. तिला झाकायला ते बाही सोडून उभे राहिले होते, दुखऱ्या गुडघ्यावर.

"मी हलवला," बाई म्हणाल्या.

बस आली, तिचं दार उघडलं, तरी कुणी चढलं नाही.