कै. सौ. सगुणाबाई

माघातले ऊन. तांबूस, तरुण, तीक्ष्ण ऊन. कोल्हापूरच्या वेशीबाहेर, माळावर, सिनेमा कंपनीने पांढरे पडदे ताणले होते, आणि त्यांतून गाळलेला शुभ्र प्रकाश सगुणाबाईच्या जराजर्जर मुखावर पडत होता.

जराजर्जर कसली! छत्तीस वर्षांची बाई. पण मूकपटात नायिका व्हायला रूप लागते, म्हातारी व्हायला अक्कल लागते, आणि सगुणापाशी अक्कल मुबलक होती. रोज सकाळी ती काजळाच्या काडीने सुरकुत्या रेखी, तागाचे पांढरे केस डोक्यावर चढवी. शापदग्ध राजमाता, पुत्रवियोगिनी वृद्धा. किती जणांची आई झाली ती! ओठ हलवणारी, आवाज नसलेली आई.

तिची पोटची लेक मथुरा. स्वतःला नवऱ्याने टाकल्यावर सगुणाने तिला भावाकडे, दौलतरावांकडे ठेवले, आणि दर सणाला मागच्या दाराने जाऊन तिची वेणी घातली. मागच्या दाराने, कारण पुढच्या दारात दौलतरावांची अब्रू उभी होती. सिनेमातली बाई तिथून आली की अब्रू जाते म्हणे! सगुणाने तेही गिळले.

त्या दुपारी पडद्यावरच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरने शेजाऱ्यांकडे आलेली लग्नपत्रिका आणली. "बाई, नाव बघा, अगदी तुमचंच," तो हसत म्हणाला. सगुणाला अक्षर येत नव्हते. त्याने वाचले, 'कै. सौ. सगुणाबाई यांची कन्या चि. सौ. कां. मथुरा.' मुहूर्त आजचा होता. दौलतरावांनी तिला वैशाख सांगितला होता.

"कै. म्हंजे काय वो, पेंटर?"

"मेलेली, बाई."

संताप उठला. जिवंतपणी मारली! लेकीच्या नावाशेजारी, सोनेरी शाईत मारली!

"बाई, ऊन उतरेल! रीळ चढलंय!" दिग्दर्शक ओरडत राहिला. सगुणा चालत सुटली. तशीच, पांढऱ्या केसांनिशी, रेखलेल्या सुरकुत्यांनिशी, भर पेठेतून.

ती पुढच्या दाराने शिरली.

मंडपात झाल व्हायची होती. वेळूच्या टोपलीत कणकेचे दिवे पेटले होते. ती टोपली विहिणीच्या मस्तकी ठेवून आईने म्हणायचे, लेक सांभाळा. आणि टोपली भावजयीच्या हातात होती.

शुभ्रकेशा वृद्धा पाहून विहीणबाई अदबीने उठल्या, वाकल्या. "या आजी. पोरांस्नी आशीर्वाद द्या."

दौलतरावांचा पांढराफटक चेहरा एकदम खुलला. "व्हय, व्हय! लांबच्या आजी हैत आमच्या. बसा, आजी."

बसली असती तर मान मिळाला असता. पान मिळाले असते, पाटही मिळाला असता. फक्त आई तेवढी मेली असती.

"आजी न्हवं, विहीणबाई." कुठल्याच पडद्याने न ऐकलेला तो आवाज, खर्जातला, खरखरीत. "आई. जिती हाय मी."

तिने तागाचे केस ओढून फेकले. पदर तोंडावर घासला. काळी रेघ गेली, पांढरी भुकटी गेली, आणि खालून मथुरेचेच कपाळ निघाले, मथुरेचीच हनुवटी निघाली. दौलतराव काहीतरी बोलू गेले. कोणी ऐकले नाही.

मथुरा पाटावरून उठली. मामीच्या हातातली टोपली तिने काढून घेतली आणि आईच्या हातात दिली. "किती उशीर केलास गं!" ती रागानेच म्हणाली.

विहीणबाईंनी क्षणभर त्या माखलेल्या, संतप्त मुखाकडे पाहिले. मग मस्तक पुढे केले.

"लेक माझी हाय," सगुणा म्हणाली. "सांभाळा." विनवणी नव्हतीच ती, आज्ञा होती. आणि दिवे जळत राहिले, ताठ, तांबडे, एकही ज्योत न लवता.