चूक ऐकायला जवळ आलेला कान

मित्रांनो, लंडनमधल्या एजवेअरच्या एका घरातल्या गराजमध्ये, मागच्या भिंतीला टेकून बसलेला मी एक जुना ड्रम आहे. माझ्या एका बाजूला गवत कापायचं यंत्र आहे आणि दुसऱ्या बाजूला व्यायामाची सायकल. सायकलवर आजवर कुणी बसलेलं मी पाहिलेलं नाही. या दोघांशी माझं फारसं जमत नाही. मी बँडमध्ये वाढलो. शिस्त कशाशी खातात हे त्यांना ठाऊक नाही.

माझा जन्म लंडनमधल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये झाला. बर्चच्या लाकडाच्या पातळ पट्ट्या वाकवून, एकमेकींवर चिकटवून माझं गोल अंग घडवलं गेलं. वरच्या तोंडावर पांढरं पान घट्ट ताणलं आणि खालच्या तोंडाला बारीक तारांचा पट्टा लावला. त्या तारांमुळेच माझा आवाज तडतडीत आहे. मग मला निळा रंग मिळाला आणि मी लंडनजवळच्या स्लाऊला आलो, 'किंगफिशर्स' नावाच्या ड्रम कोरमध्ये. ड्रम कोर म्हणजे ड्रम, बिगुल आणि झेंडे घेऊन, मैदानावर कवायत करत वाजवणारी मुलामुलींची पलटण. निळा रंग मला किती शोभतो हे तेव्हा सगळे सांगायचे. आता तो जागोजागी उडाला आहे, पण ते असो.

तिथे मला सुनेत्रा भेटली. तिचे वडील स्लाऊच्या ट्रेडिंग इस्टेटवर, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, कामाला होते. ती तिथेच जन्मली, तिथेच शाळेत गेली. माझा पट्टा तिच्या खांद्यावर चढायचा आणि मी तिच्या डाव्या मांडीवर टेकायचो. चालताना मी तिथे आपटायचो, म्हणून उन्हाळाभर तिच्या मांडीवर काळानिळा डाग असायचा. तिने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही.

आता स्पर्धांबद्दल सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी त्या पाहिल्या नसतील. आमच्या काळी मैदानात उतरताना प्रत्येक कोरला पैकीच्या पैकी गुण असायचे. कमवायचं काही नव्हतं, फक्त राखायचं होतं. काठी उशिरा पडली, दशांश गुण गेला. रांगेतून पाऊल वाकडं पडलं, दशांश गेला. हातातली काठी निसटली, पांढऱ्या रेषेबाहेर पाय गेला, सुरुवातीचा पिस्तुलाचा बार व्हायच्या आधी कुणी हललं, तर त्याचा दंड वेगळाच. वाजवण्यापूर्वी सगळ्यांना ओळीत उभं करून नखं, बूट आणि बटणं तपासली जायची. भल्याभल्यांचे धाबे तिथेच दणाणायचे.

आणि परीक्षक दूर बसत नसत, मित्रांनो. ते कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल घेऊन आमच्या रांगेत घुसायचे, आमच्याबरोबर चालायचे आणि वाजवणाऱ्याच्या काठीजवळ कान आणायचे. चूक ऐकू आली की कागदावर एक खूण व्हायची. तिला सगळे 'टिक' म्हणायचे.

या परीक्षकांमध्ये हरीशकाका होते. पुण्याला कॉलेजच्या बँडमध्ये वाजवलेला माणूस, इंग्लंडला येऊन इंजिनियर झालेला. त्यांचा कान म्हणजे कान होता. सगळे ड्रम एकदम वाजत असताना नेमक्या कुणाची काठी घसरली, ते त्यांना कळायचं. टिक नसलेला कोरा कागद त्यांनी कधीच कुणाला दिला नव्हता. सुनेत्राच्या आईने, नंदाताईंनी, एकदा मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांना गाठलं.

"हरीशभावजी, आपल्या मुलीवर जरा दया करत जा."

"वहिनी, वाजवायला लागल्यावर ड्रमला आडनाव नसतं," ते म्हणाले आणि प्रसाद घ्यायला निघून गेले.

एका वर्षी शेवटच्या स्पर्धेत किंगफिशर्स दशांश गुणाने हरले. शेवटचा रोल, म्हणजे काठ्यांचा सलग कडकडाट, सगळ्यांचा संपला, तरी सुनेत्राची काठी क्षणभर वाजत राहिली होती. ती टिक हरीशकाकांनी दिली होती. परतीच्या बसमध्ये कुणी तिच्याशी बोलेना. निघण्यापूर्वी हरीशकाका खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "रोल थांबवताना श्वास धरून ठेवतेस तू. तो सोड. हात चांगला आहे तुझा." त्या एका वाक्यावर तिने पुढचा अख्खा हिवाळा सराव केला. काकांसमोर एकदा तरी बिनचूक वाजवायचं, असं तिने मनाशी पक्कं ठरवलं होतं.

ते जमायच्या आत दिवस पालटले. टिका बंद झाल्या. परीक्षक स्टँडमध्ये उंचावर जाऊन बसले आणि टेपरेकॉर्डरवर बोलू लागले, एकूण परिणाम कसा झाला, रंगसंगती कशी होती वगैरे. मुलांना ते बरं वाटलं असेल, मी नाकारत नाही. पण माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्याजवळ कुणी येईनासंच झालं होतं. पुढे सुनेत्राचं लग्न झालं, किंगफिशर्स मोडले, आणि ती मला सोबत घेऊन एजवेअरला आली. माझी रवानगी गराजमध्ये झाली.

दोन हजार चारच्या उन्हाळ्यात जुन्या किंगफिशर्सनी ठरवलं की स्लाऊच्या ज्या शाळेच्या मैदानावर आमचा सराव चालायचा तिथेच पुन्हा एकदा जमायचं आणि जुना कार्यक्रम जुन्याच नियमांनी वाजवायचा, टिका आणि दंडासकट. सुनेत्राने हरीशकाकांकडे फोन केला. तो त्यांच्या बायकोने, सुप्रभाकाकूंनी घेतला.

"अगं, फोनवर त्यांना नीट समजत नाही. मला सांग. जजिंग ना? येतील की. आत्तापासून पेन्सिली तासायला बसतील."

सुनेत्राने मला बाहेर काढलं, धूळ पुसली, नवं पान ताणलं. रोज ऑफिसमधून आली की गराजमध्ये सराव. तिची मुलगी सान्वी दारात येऊन उभी राहायची.

"आई, इट्स अ रियुनियन. कोण मार्क्स बघणार आहे?"

"काका बघणार. मला एकदाच त्यांच्या समोर क्लीन वाजवायचं आहे. एक पण टिक नको."

तो दिवस उजाडला. पोटं सुटलेली, चष्मे लागलेली मंडळी ओळीत उभी राहिली. हरीशकाका काठी टेकत आले, पण पाटी छातीशी तशीच ताठ धरलेली. त्यांनी एकेकाला न्याहाळलं. एका बिगुलवाल्याचं कोटाचं बटण पोटावर लागत नव्हतं. "बटण. दशांश," काका म्हणाले. सगळे पोट धरून हसले, तो बिगुलवाला सर्वांत जास्त. मला तर पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटलं.

आम्ही वाजवायला लागलो. काका रांगेत शिरले. एकाचं पाऊल चुकलं, टिक. एकाच्या हातातून काठी निसटली, टिक. मग हळू वाजवायचा भाग आला, जिथे सगळे ड्रम मिळून एकच ड्रम वाटायला हवा. काका माझ्यासमोर येऊन वाकले. त्यांचा कान माझ्याजवळ आला. इतक्या वर्षांनी आला, मित्रांनो. आणि नेमकी तेव्हाच सुनेत्राची डावी काठी उशिरा पडली. चांगलीच उशिरा पडली. गवत कापायच्या यंत्रालासुद्धा कळली असती.

पेन्सिल कागदावर अधांतरी थांबली. मी वाट पाहिली. ती खाली आलीच नाही. काका सरळ झाले आणि पुढे गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांनी दिलेली प्रत्येक टिक डोळ्यांना दिसणाऱ्या चुकीची होती. ऐकून दिलेली एकही नव्हती.

शेवटी त्यांनी निकाल वाचला. "सुनेत्रा. एकही चूक नाही." टाळ्या पडल्या. सान्वी धावत येऊन आईला बिलगली.

"आई, यू डिड इट. मग रडतेस का?"

"मी चुकली होती गं," सुनेत्रा हळूच म्हणाली. "त्यांना ऐकूच नाही आलं."

लहानपणापासून हवा असलेला कोरा कागद तिला मिळाला होता. गप्प बसली असती तर तो तिचा झाला असता आणि काकांची अब्रूही झाकली गेली असती. पण तो घेऊन घरी जाणं तिच्याने होईना. माझंही काळीज जड झालं होतं. सगळे चहासाठी हॉलकडे वळले, तेव्हा तिने मला उचललं आणि खुर्चीवर एकट्याच बसलेल्या काकांसमोर जाऊन उभी राहिली. तिने माझ्या अंगावर बोट ठेवून त्यांना दाखवलं आणि मोठ्याने म्हणाली, "काका, हात इथे ठेवा. तो सॉफ्ट पार्ट मी परत वाजवते. मघाशी वाजवला तसाच."

काकांनी मांडीवरची पाटी बाजूला ठेवली. "कळलं तर तुला," ते म्हणाले.

त्यांनी तळवा माझ्या अंगावर ठेवला. तो थंड होता. सुनेत्राने वाजवलं, चुकीसकट. काकांनी डोळे मिटले.

"परत."

तिने परत वाजवलं.

"डावी. डावी मागे राहिली." त्यांनी पाटी ओढली आणि पेन्सिलीने खूण केली. "दशांश गेला तुझा."

"थँक यू, काका." तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि ती हसत होती.

"थँक यू कसलं? चुकलीस तू," काका मोठ्याने म्हणाले. मग हॉलच्या दिशेने बघत म्हणाले, "बोलव बाकीच्यांना. ड्रमवाले सगळे. एकेक करून."

आणि मित्रांनो, ते आले. हातातले चहाचे कप ठेवून, पट्टे पुन्हा खांद्यावर चढवून ती पांढऱ्या केसांची मंडळी रांगेत उभी राहिली. एकेकाने पुढे यायचं, काकांचा तळवा आपल्या ड्रमवर घ्यायचा, वाजवायचं आणि आपली टिक घेऊन जायचं. ज्याला टिक मिळाली नाही तो पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहायचा. सुप्रभाकाकू शेजारी उभ्या राहून डोळे पुसत होत्या.

त्या हिवाळ्यात काका गेले. सुनेत्रा अजूनही कधी रविवारी मला वाजवते. शेजारी कुंपणापलीकडून 'लव्हली' म्हणतात, पाहुणे 'छान' म्हणतात. मला राग नाही त्यांचा. पण छान म्हणायला लांबूनही जमतं. चूक ऐकायला मात्र जवळ यावं लागतं.

म्हणून सांगतो, तुमच्या इतकं जवळ येणारं कुणी असेल, तर तोंड फुगवू नका. त्या माणसाचे कान, डोळे, हात थकतील. तेव्हा त्याच्या हातातली पाटी काढून घेऊ नका, आपणच थोडं पुढे सरका. माझ्या निळ्या रंगाचं काय, तो नाही दिला तरी चालेल. कुणीतरी गराजचं दार उघडून यावं, माझ्यावर हात ठेवावा आणि माझा एक दशांश गुण कापून न्यावा, एवढंच मला फार वाटतं.