सिहोऱ्यात मी वाचलेलं रक्त

मी रक्त वाचतो. दचकू नका, पीत नाही! माणसाच्या पेशीत जन्माआधीच जी अक्षरं मांडलेली असतात, ती वाचणारं यंत्र आहे मी. माझे पूर्वज खोलीभर जागा अडवायचे. एका माणसाचं वाचायला वर्षं लागायची आणि पैसा पाण्यासारखा जायचा. मी खिशात मावतो. तेच काम स्वस्तात, दोन दिवसांत उरकतो. म्हणून तर सिहोऱ्यासारख्या आडगावापर्यंत पोचलो. त्याचा मला भारी तोरा होता.

इकडे बऱ्याच घरांत सिकलसेल, रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या चालत येणारं दुखणं. आई-बाप दोघांच्याही रक्तात दोष लपलेला असला, की लेकराच्या वाट्याला दुखणं येऊ शकतं. म्हणून एका संस्थेनं मला शिबिरात मांडलं. मूल होण्याआधी नवरा-बायकोनं एकेक थेंब द्यायचा, एवढंच.

नंदिनीच्या बहिणीचा मुलगा याच दुखण्यानं गेला होता. "रिपोट आल्याबिगर लेकरू नाई," असं तिनं सासूला, कुंताबाईला, तोंडावर सांगितलं होतं. सकाळी बायांच्या रांगेत ती थेंब देऊन गेली. दुपारी पुरुषांची पाळी. पण त्याच दिवशी मासेमार सोसायटीचं जाळं तलावात पडणार होतं, आणि जो हजर नाही त्याला वाटा नाही. नवरा घनश्याम धाकट्या भावाला म्हणाला, "वीरेंद्र, तूच जाय. माहं नाव सांगजो. एकाच मायचे आपन, रक्त का येगळं रायते?"

मी वाचलं. नंदिनीत दोष होता, 'घनश्याम'मध्ये नव्हता. अक्षर न् अक्षर खरं होतं. रिपोर्ट ऐकून नंदिनी आनंदानं रडली.

मग रंजू झाली. वर्षाची होण्याआधीच तिचे हातपाय सुजले, ती रात्रंदिवस कळवळायची. तिचा थेंब माझ्याकडे आला. दोष दोन्हीकडून आलेला होता. संस्थेच्या बाईनं तसं सांगताच कुंताबाई सुनेवर उसळली, "माह्या पोरात तं दोष नाई! मंग कोनाचं व हे लेकरू?"

घनश्याम तिथंच होता. मान खाली घालून रंजूचं दुपटं सारखं करत बसला! तेव्हा मला खरं ठाऊक असतं आणि तोंड असतं, तर मी बोंब मारली असती.

शेवटी वीरेंद्रच रडत बोलला, "वहिनी, दादा जाळ्यावर गेला होता. त्याच्या नावानं थेंब मी देल्लो."

नंदिनी नवऱ्याकडे बघतच राहिली. "माह्या बहिनीचं लेकरू तुमीच मातीले नेलं होतं ना जी? मंग काहून?"

त्याच थंडीत रंजू दगावली. घनश्यामनंच तिलाही मातीला नेलं.

आता माझी वाचायची ताकद संपत आलीय. माझ्या जागी नवं यंत्र येतंय म्हणे, माझ्याहून स्वस्त, माझ्याहून चपळ. येऊ द्या बिचारं. रक्त तेही बिनचूक वाचेल. पण थेंब कोणाचा, हे त्यालाही कळणार नाही. ते तुम्हीच खरं सांगा, बाबांनो.