गुरुवारचा धूर

"नळी दाढेला लाव, पुढच्या दाताला न्हाई," सरूबाई म्हणाली, तसा कांबळ्याखालून कोंडाजीचा हुंकार आला.

कोंडाजी फाउंड्रीत कामाला होता. चार दिवस गाल धरून हिंडत होता. तो गुरुवार, कंपन्यांची सुट्टी, म्हणून सकाळीच आकुर्डीच्या चाळीमागं सरूबाईसमोर येऊन बसला. पुढ्यात पाण्यानं भरलेली परात, परातीत मधोमध वीट आणि विटेवर लालभडक तापवलेला नांगराचा फाळ. सरूबाईनं फाळावर तेलाचे दोन थेंब सोडले, रिंगणीच्या काटेरी झुडपाचं चिमूटभर बी टाकलं आणि वरून वाळक्या भोपळ्याची कवटी पालथी घातली. कवटीच्या भोकात बोरूची नळी, नळीचं दुसरं टोक कोंडाजीच्या तोंडात. बी तडतडलं. कांबळ्यातून धूर झिरपायला लागला. कोंडाजी खोकला, पण तोंडातून नळी काही काढली नाही त्यानं.

कवटी उचलली तेव्हा पाण्यावर सात-आठ पांढरे किडे तरंगत होते, तांदळाच्या कणीएवढे. रांगेतल्या बाया वाकून बघू लागल्या.

"एवढं पोसलं व्हतंस व्हय रं," सरूबाई म्हणाली. "आता बायकोला दोन भाकरी कमी थापायला सांग."

बाया हसल्या. कोंडाजीही एका बाजूनं हसला आणि हलकं वाटतंय म्हणाला. रात्री तो झोपलासुद्धा. चार दिवसांत पहिल्यांदा झोपला, असं त्याची बायको नळावर सगळ्यांना सांगत होती.

नीला सरूबाईची सून. नवी नवरी होती तेव्हा ती. शेगडी फुलती ठेवणं आणि फाळ तापला की चिमट्यानं विटेवर मांडणं हे तिचं काम. आज इतक्या वर्षांनीही ती आकुर्डी तिच्या डोळ्यांपुढं येते. हमरस्त्याच्या एका बाजूला कारखान्यांच्या पत्र्याच्या लांबलचक शेड, दुसऱ्या बाजूला अजून ज्वारी उभी. भोंगा झाला की सायकलींची रांग लागायची आणि कणसांवरचे पक्षी भर्रकन उडायचे. चाळीत कोण कुठला, कोण कुठला, पण गुरुवारी सगळ्यांच्याच घरी उशिरा चूल पेटायची, आणि चाळीमागं मात्र सरूबाईची शेगडी पहाटेच.

सरूबाई चाकणच्या पलीकडच्या एका खेड्यातली. नवरा गेला, मुलगा बिरू कंपनीत लागला, तशी त्याच्यामागं आली. गावाकडं शेत होतं, गोठा होता, चार माणसं सल्ल्याला यायची. इथं एक खोली आणि खोलीत करायला काम नाही. गावाकडचं एवढंच तिच्यासोबत आलं होतं, फाळ आणि भोपळ्याची कवटी. पण तेवढ्यानं ती चाळीची आजी झाली. निगडीपासून माणसं विचारत यायची, दाताची आजी कुठं राहते? ती पैसे घेत नसे. विद्या विकली की हातची जाते, म्हणायची. फार तर एखादा नारळ.

पिंपरीला दाताचा डॉक्टर होता. पण त्याची पायरी चढणं म्हणजे खोलीचं महिन्याचं भाडं त्याच्या हातावर ठेवणं. चाळीतल्या कुणाला ते जमणार?

नीला सातवी पास होती. पाण्यातले ते किडे कधीच वळवळत नाहीत, हे तिच्या पहिल्या महिन्यातच ध्यानात आलं होतं. एकदा सरूबाई गावाकडं गेली असताना तिनं दार लावून शेगडी पेटवली, फाळ तापवला, बी टाकलं, कवटी घातली. नळी कुणाच्याही तोंडात नव्हती. तरी कवटी उचलली तर पाण्यावर तसेच पांढरे किडे, चांगले नऊ. नीलानं ते पाणी मोरीत ओतलं आणि हात तीनदा धुतले. बोलली कुणाजवळच नाही, बिरूजवळसुद्धा नाही.

मग त्या पावसाळ्याच्या सरतीला सरूबाईची स्वतःचीच दाढ दुखायला लागली.

तिनं सांगितलं नाही, पण सुनेपासून काय लपतं? म्हातारी भाकरी चहात बुडवून खाऊ लागली. मिशरी लावायची बंद झाली. लवंगेचा डबा रिकामा झाला. घास एकाच बाजूला फिरायचा आणि मध्येच थांबायचा. बिरूनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली. बिरूचंही तेव्हा अवघड चाललं होतं, कंपनीनं ब्रेक देऊन घरी बसवलेलं, पुन्हा कधी बोलावतील ठाऊक नाही.

चौथ्या दिवशी गाल सुजला. दुपारी बिरू बाहेर गेल्यावर नीला जवळ जाऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, शेगडी पेटवू का? धूर घ्या."

सरूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून होती. "मला न्हाई लागू व्हायचा तो."

"का?"

 मग सरूबाईनं डोळे उघडले. "तुला ठाव हाय की," ती म्हणाली. "मोरीत रिंगणीचं बी सांडलं व्हतं. मी गावावनं आले तवाच बगितलं."

 पण सरूबाईच्या आवाजात राग नव्हता. तिनं थांबत थांबत, गाल हातानं दाबून धरत सगळं सांगितलं. तिलाही ठाऊक नव्हतं. वीस वर्षं तिनं खरे किडे समजूनच काढले. मग तिच्या सासूनं मरताना सांगितलं, बियातलाच कोंब असतो, तापला की फुटून उडतो. ते ऐकून तिनं दोन महिने कवटीला हात लावला नव्हता. तेवढ्यात शेजारणीची पोर दाढेनं तळमळायला लागली आणि तिची आई दारात येऊन बसली.

"धुरानं जरा बधिर व्हतं, तेवढं खरं हाय," सरूबाई म्हणाली. "आन् किडं दिसलं की माणूस झोपतं. झोपलं की निम्मं दुखणं जातं. दुसरं काय हाय गं त्येंच्याकडं? पर ठाव असलेल्या माणसाला कसं झोपू घालायचं?"

रात्री तिला ताप चढला. नीलानं मनाशी ठरवलं. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात फुकट बघतात, दिवस मोडतो एवढंच. म्हातारी आधी ऐकेना. दाताच्या आजीला डॉक्टरकडं बघितलं तर चाळीत तोंड कसं दाखवू, हाच तिचा घोर. शेवटी मंगळवारी, कामाच्या दिवशी, पहिल्या पाळीची माणसं गेल्यावर दोघी निघाल्या. शेजारी सांगितलं, देहूला पाहुण्यांकडं जातोय. आणि देहूच्या उलट दिशेची बस धरली.

दवाखान्यात ही गर्दी. नीलानं चिठ्ठी काढली आणि दोघी दातांच्या खोलीकडं वळल्या, तर बाकावर पहिल्याच जागेवर कोंडाजी.

तोही कामावर दांडी मारून, कुणाला न सांगता आलेला. दोघींना बघून तो आधी खांबाआड सरकला. सरूबाईनं पदर डोळ्यांपर्यंत ओढला. पण बाक एकच होता आणि खांब काही फार जाड नव्हता.

"कामानं आलतो, आजी," कोंडाजी पुन्हा सुजलेल्या तोंडानं म्हणाला.

"मी बी," सरूबाई पदराआडून म्हणाली.

 मग कोंडाजी उठला, आपली चिठ्ठी त्यानं नीलाच्या हातात दिली आणि तिच्याकडची, मागच्या नंबरची, घेतली. म्हातारीला बाकावर बसवून तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढं चाळीत त्यानं या दिवसाबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही.

डॉक्टर तरुण होती, नीलाच्याच वयाची. दाढ काढून झाल्यावर तिनं नीलाला बाजूला घेऊन चांगलं सुनावलं. इतके दिवस काय करत होता? पू घशाकडं उतरला असता तर आठवड्यात म्हातारी गेली असती. ते बोलणं सरूबाईनं खुर्चीत बसल्या बसल्या ऐकलं.  

गुरुवार आला. सरूबाईची सूज उतरली होती, तरी तिनं तोंडावरून पदर घेतला होता. शेगडी पेटव म्हणाली, म्हणून नीलानं पेटवली. रांग नेहमीसारखीच होती. पुढं अंबुबाई, चाळीतली जुनी, ठणका नसला तरी महिन्याला एकदा धूर घेणारी. पण अंबुबाईनंच आपला नंबर मागच्या ठकुबाईला दिला, कारण त्या पोरीकडं बघवत नव्हतं. ठकुबाई नव्या शेडच्या बांधकामावर विटा वाहायची. तिचा गाल डोळ्याखालपर्यंत चढला होता, कातडी ताणून चकाकत होती.

ठकुबाईनं आपणच कांबळं अंगावर घेतलं आणि नळी धरली. फाळ विटेवर होता. सरूबाईनं बी चिमटीत घेतलं, दुसऱ्या हातानं पोरीचा जबडा चाचपला. अंग तव्यासारखं तापलं होतं. चिमूट तशीच हवेत राहिली.

"तू उद्या पुण्याला जा, पोरी," ती म्हणाली. "सरकारी दवाखान्यात. पैकं पडत न्हाईत."

ठकुबाई हबकून कांबळ्यातून बाहेर आली. "न्हाई वो आजी. तिथं हाडासकट उपटत्यात म्हनं. माणूस मरतं. तुमी दोन किडं काढा, लई झालं."

"आजी हायेत की हितं," अंबुबाई म्हणाली. "पुन्याला कशापायी जाईल ती?"

समोरच्या ओट्यावर कोंडाजी सायकलची साखळी बसवत होता. त्याचे हात थांबले, पण त्यानं वर पाहिलं नाही. नीलाला वाटलं, आपणच काहीतरी बोलावं, कुणा पाहुणीचं नाव सांगून गोष्ट रचावी. तिनं सासूकडं पाहिलं. सरूबाई चिमटीतल्या बियांकडं बघत होती. मग तिनं ते बी परत पुडीत टाकलं, पुडी बांधली आणि तोंडावरचा पदर काढून मांडीवर ठेवला.

"हिकडं ये," ती ठकुबाईला म्हणाली. "उजेडात ये."

आणि उन्हाकडं वळून तिनं आ केला.

ठकुबाई वाकली. खालच्या जबड्यात मागं ताजी, लाल खाच होती. तिनं नीलाकडं पाहिलं.

"परवाच्या मंगळवारी," नीला म्हणाली. "पुण्याला. मीच घेऊन गेले होते."

 थोड्या वेळानं अंबुबाई उठली, सरूबाईसमोर आपणच ठेवलेला नारळ तिनं उचलून पदराखाली घेतला आणि चालू लागली. तिच्यामागं आणखी दोघी गेल्या. सरूबाईनं तिकडं मान वळवली नाही. ठकुबाई अजून गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती, आणि तिचं नीट बघून होईपर्यंत म्हातारीनं तोंड उघडं धरून ठेवलं होतं.