अमावास्येची सुट्टी

"अमावास्येला त्रास होत नाही? नक्की?" डॉक्टरांनी कानांतली नळी काढत विचारलं.

"नाय होत. त्या दिवशी आमची आत्या मशेरी भाजत नसे ना. तिचा नवरा अमावास्येला गेला, म्हणून ती पाळते." नरहरी जरा ओशाळला. "पन आता आत्या घरात नाय, तरी दमा हायच."

बोईसरच्या त्या डॉक्टरांना दम्याचे रोगी नवे नव्हते. निम्मे कारखान्यांतलेच असत. त्यांनी सवयीने विचारलं, "कुठल्या कंपनीत?"

हा प्रश्न नरहरीला मनातून आवडायचा. त्याच्या सरावली गावची सगळी पोरं शेजारच्या कारखान्यांत चिकटली होती. हा पठ्ठ्या मात्र छातीला जपून, धुरांड्यांपासून चार हात लांब, पालघरला गवताच्या वखारीत वजनकाट्यावर बसला होता. डोंगरातलं वाळकं गवत यायचं, ते दाबून गाठी बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना धाडायच्या. गवताने आजवर कुणाचं काय बिघडवलंय? सकाळी गंजी मोडताना चार शिंका यायच्या, डोळे चुरचुरायचे, की झालं. दमा यायचा तो घरी, दिवेलागणीला, आत्याचा तवा चुलीवर चढला की.

"ही वखार अमावास्येला चालू असते?"

"छे. आमचा शेठ अमावास्येला कुलूपच..." बोलता बोलता नरहरी थांबला.

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "साठवलेल्या गवतात बुरशी धरते. तिची पूड नाकातोंडात जाते. तुमच्या अंगातल्या पेशी तिला शत्रू समजतात. श्वासनळीत पहाऱ्यावर बसलेल्या असतात त्या लगेच उठतात. त्याच तुमच्या सकाळच्या शिंका. मग त्या निरोप धाडतात आणि रक्तातून पांढऱ्या पेशींची कुमक निघते. ती पोचायला संध्याकाळ होते. नळी सुजवते ती ही कुमक."

"म्हणजे भांडण वखारीत आनि मारामारी घरी."

"तसंच. आणि एकदा शत्रू ठरवला की त्या विसरत नाहीत. वखार सोडता आली तर सोडा."

चाळिशी उलटलेल्या माणसाला दुसरीकडे कोण ठेवून घेणार होतं? पण त्या घटकेला नरहरीच्या डोक्यात वखार नव्हतीच. जमनाआत्या होती.

आई गेल्यावर आत्याने त्याला वाढवलं होतं. गेल्या ज्येष्ठात जेवताना दमयंतीने, त्याच्या बायकोने, सरळ सांगितलं, "आत्याबाई, तुमच्या धुराने यांचा जीव जाईल एखाद दिवशी." नरहरी ताटातला भात चिवडत बसला. आत्याने एकदा त्याच्याकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाठोडं उचलून ती वाणगावला दिराच्या मुलाकडे, विश्रामकडे, निघून गेली. पुढे पावसाळा लागला, वखार बंद पडली आणि दमा पळाला. दमयंतीचं म्हणणं साऱ्या आळीला पटलं. दिवाळीनंतर गंज्या लागल्या, दमा परत आला, तेव्हा भिंतींत धूर मुरलाय म्हणून तिने घरभर चुना काढून घेतला. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्यात सगळं वर्ष गेलं होतं.

पुढच्या अमावास्येला नरहरी वाणगावला गेला. आत्या अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती.

"दमा कसा हाय?" तिने आधी तेच विचारलं.

"आज छाती मोकळी हाय."

"मग बरं झालं मी इथं आले ते." ती हसली. दात स्वच्छ होते. "मशेरी मी त्याच दिवशी सोडली बग. म्हटलं, तू बोलावलंस तर लगेच येता यावं."

नरहरीला फार वाईट वाटलं. त्याने डॉक्टरांचं सगळं बोलणं तिला सांगितलं, कुमकेसकट, आणि म्हणाला, "तुजा काय दोष नव्हता. चल घरी."

आत्या तयार होईना. "डॉक्टर काय, सांगेल. तुज्या जिवाला काय झालं म्हंजे? उद्या भाजते मी. तू समोर बसायचं."

"आजच भाज."

"आज अमावास्या हाय."

तो राहिला. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने शेजारच्या भागीकडून तंबाखू मागून आणली, दार लोटून घेतलं आणि तवा ठेवला. खोली धुराने भरली. नरहरीचे डोळे पाणावले, ठसका लागला. आत्या त्याच्या छातीकडे बघत बसली होती.

"कुमक कदी येते म्हनलास?"

"दिवेलागणीला."

तोवर ती जागची हलली नाही. मधून मधून तळहात त्याच्या छातीवर ठेवायची. विश्रामच्या बायकोने कंदील लावून आणला, तरी नरहरीचा श्वास सरळ चालला होता. त्याला एवढा आनंद झाला की तो मोठ्याने हसला. आत्याने हात काढून घेतला. तिचे डोळे भरून आले होते.

"म्हंजे मी उगाच आले."

"चल ना घरी. दमयंतीनेच धाडलंय मला."

"तिचा राग नाय मला. तिला वाटलं ते बोलली ती." आत्याने भाजलेली मशेरी चुलीत झटकली. "तू बोलला नायस."

नरहरी चुलीतली राख चिमट्याने सारत राहिला.

"यायची नाय मी आता. विश्रामची पोरं हायत, इथं बरं हाय."

पहाटे तो वखारीला जायला निघाला. आत्याने जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, पाण्यात बुचकळून पिळली आणि त्याच्या नाकातोंडावरून घेऊन मागे घट्ट गाठ मारली. लहानपणी त्याच्या कानाला फडकं बांधायची तशीच.

"गंजी मोडतात तेवा काडू नको."

त्याला काहीतरी बोलायचं होतं. पण तोंड बांधलेलं होतं. त्याने मान हलवली आणि फडकं न काढता तसाच स्टेशनपर्यंत चालत गेला.