न म्हटलेली प्रार्थना

"माझ्या वेळी तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही," आई म्हणाली. "मनातसुद्धा नाही."

बाबा उशाशी उभे राहून औषधाची बाटली हलवत होते. ते हलवतच राहिले. मी चादर बदलत होते, त्यामुळे मला खोलीबाहेर सटकता आलं नाही.

"मनातलं तुला कसं कळणार?"

"कळेल. चाळीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी."

बाबा शिंपी. चौकात दुकान आणि प्रार्थनाघरात मान. वस्तीत कुणाची घटका भरत आली की डॉक्टरच्या आधी बाबांना बोलावणं यायचं. आमच्या श्रद्धेप्रमाणे श्वास चालू असतानाच माणसाच्या कानात शेवटची प्रार्थना पडावी लागते. ती ऐकून गेलेल्याला आधी गेलेली आपली माणसं भेटतात. न ऐकता गेलेला कायमचा एकटा. म्हणून बाबा हातातलं कापड टाकून, गळ्यातल्या मोजपट्टीसकट धावत सुटायचे. तीनशे माणसं तरी त्यांनी अशी पोचती केली असतील.

त्यांत माझा दादाही होता. सहा वर्षांपूर्वी कारखान्यातल्या अपघातानंतर त्याला घरी आणलं, तेव्हा बाबांनी त्याच्या कानाशी वाकून सगळी प्रार्थना म्हटली. आवाज कापला नाही, अक्षर चुकलं नाही. लोकांनी धन्य धन्य म्हटलं. आईनं मात्र त्यानंतर प्रार्थनाघरात पाऊल टाकलं नाही. का, ते मला एकदाच सांगितलं.

"त्याला पाणी हवं होतं गं. ओठ हलवून मागत होता. पण प्रार्थना मध्ये थांबवत नाहीत ना."

मग ती लाँड्रीच्या वरच्या खोलीत ध्यानाला जायला लागली. तिथे देव नव्हता, पुस्तक नव्हतं. एक निवृत्त नर्स आणि सात-आठ बायका भिंतीकडे तोंड करून आपापल्या श्वासाकडे लक्ष देत बसायच्या. बाबांनी टर उडवली. "भिंतीकडे बघायला वर्ग कशाला? घरात चार आहेत!" माझी आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, वहिनीला वेड लागल्याचं गावभर सांगत सुटली. मी दोन्हीकडची नव्हते. डोळे मिटले की मला धुण्याचा ढीग दिसतो. पण तिथून परतल्यावर आई जेवायची, हे मी पाहत होते. दादानंतर तिचं जेवण सुटलं होतं.

आई गेली ती मंगळवारी, दुपारी दोनच्या सुमारास. श्वास घशात अडायला लागला तसे बाबा स्टूल ओढून तिच्या कानाशी बसले. इतकी वर्षं सवयीची जागा तीच. आत्या दाराशी उभी होती.

"अरे, म्हण की आता! तिला काय कळतंय?"

"कळतंय म्हणूनच म्हणत नाही."

"पोराला भेटायची नाही ती! तुझ्यामुळे भेटायची नाही!"

बाबांची मान ताठ झाली. हे आत्यानं सांगायची गरज नव्हती. त्या घरात ते सर्वात पक्कं कुणाला ठाऊक असेल तर त्यांनाच. खरं सांगते, मलाही वाटत होतं की त्यांनी म्हणून टाकावी. तिचं बजावणं गेलं खड्ड्यात. माझी आई एकटी जायला नको होती.

आईचे ओठ हलले. बाबांनी चटकन चमच्यानं पाणी घातलं. थोडं आत गेलं, थोडं हनुवटीवरून ओघळलं. ते त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं टिपलं. मग पुन्हा चमचा भरला, पण तो तसाच हातात राहिला.

तासाभरात प्रार्थनाघराचे प्रमुख चौघांना घेऊन आले.

"वेळेत झाली ना प्रार्थना?"

"नाही म्हटली," बाबा म्हणाले.

प्रमुख भला माणूस. त्यांनी आवाज खाली आणला. "घाईत राहून गेली असेल. होतं असं."

"राहिली नाही. तिला नको होती."

चौघांपैकी दोघांनी निमूट चपला घातल्या. शेवटी लाँड्रीवाला आणि ती नर्स पुढे झाली, म्हणून तिरडीला खांदे पुरले.

चौथ्या दिवशी बाबा न्हाणीघराबाहेर माझी वाट अडवून उभे राहिले. त्यांना बोलायचं होतं आणि जमत नव्हतं, म्हणून मीच विचारलं, "बाबा, मनात तरी म्हटलीत ना?"

"नाही."

"चाळीस वर्षांची सवय. जमलं कसं?"

"वर यायला लागली की तुझ्या दादाची मापं म्हणत होतो. पहिलं झबलं. मग शाळेचा सदरा, पहिली फुल पँट, कारखान्याचे कपडे. लांबी, छाती, बाही. संपलं की पुन्हा झबल्यापासून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कधी कुणाला काही न विचारणारा माणूस. "भेटली असतील का गं ती दोघं?"

मी त्यांचा हात धरला. तो थंडगार होता.

रविवारी प्रार्थनाघरातून एक जण बाबांकडचं प्रार्थनेचं पुस्तक परत न्यायला आला. नवा माणूस नेमला होता. बाबांनी पुस्तक स्वच्छ फडक्यानं पुसून दोन्ही हातांनी त्याच्या हवाली केलं.

"शेवटून तिसरं पान सुटत आलंय," ते म्हणाले. "उलटताना जरा जपा."

तो पायऱ्या उतरून दिसेनासा होईपर्यंत ते दारात उभे होते. मग आत आले आणि हातातल्या फडक्याची घडी घालत राहिले.