एका होकाराने अडकलेल्या बासिरूची चादर

मित्रांनो, माझ्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या आहेत, त्यावरूनच मला ओळखा. स्पेनमधल्या वालेन्सियाच्या समुद्रकाठी फुटपाथवर अंथरतात ती जुनी चादर मीच. आणि खरे सांगते, मी माणसांना अगदी वैतागले आहे.

गिरणीने मला पलंगासाठी विणले होते. पण सेनेगलहून आलेल्या बासिरूने मला विकत घेतले, कोपऱ्यांत दोऱ्या ओवल्या आणि त्यांची टोके एकत्र बांधली. माझ्यावर तो गॉगल आणि पट्टे मांडायचा. विकायचा परवाना नव्हता, कारण देशात राहायचाच परवाना नव्हता. पोलीस दिसला की तो दोऱ्या ओढायचा आणि क्षणात गाठोडे होऊन मी त्याच्या पाठीवर. इतर विक्रेते माझ्या दोऱ्यांचे कौतुक करत.

शेजारी आंपारोबाईंची आइस्क्रीमची गाडी होती. काही वर्षे इथे काढली, नोकरीचा करार दाखवला आणि नावावर गुन्हा नसला, तर राहण्याचा परवाना मिळतो. करार आंपारोबाई देणार होत्या. परवाना हाती आला की बासिरू गावी जाऊन मुलीला भेटून परत येऊ शकणार होता. तो निघाल्यानंतर ती जन्मली. "पोरगी मला फोनमधला काका समजते," असे तो हसत सांगायचा.

एका दुपारी त्याच्यामागे धावणारा पोलीस गाडीपाशी सांडलेल्या बर्फाच्या पाण्यावरून घसरला. त्याचे मनगट मोडले. आरोप मात्र झाला की बासिरूने ढकलले. आंपारोबाईंनी सगळे पाहिले होते आणि साक्ष द्यायला त्या तयार होत्या.

न्यायालयाने दिलेले वकील पांढऱ्या केसांचे, भले गृहस्थ होते. कबूल केलेस तर थोड्या दंडावर आजच सुटशील, असे त्यांनी समजावले. माल जप्त झालेला, मी रिकामी त्याच्या पिशवीत घडी होऊन ऐकत होते. मग याच्या परवान्याचे काय, हा विषय वकिलांनी काढला नाही आणि दुसऱ्या कोणालाही सुचले नाही. बासिरूच्या गावी वडीलधाऱ्यांना उलट बोलत नाहीत. त्याने मान खाली घालून होकार दिला.

बाहेर आंपारोबाई ठेवणीतला झगा घालून बसल्या होत्या.

"काय रे, मला आत बोलावलंच नाही?"

"गरजच नाही पडली, मावशी. मी हो म्हटलं. मिटलं सगळं."

"न केलेल्याला हो म्हटलंस?"

"एवढा म्हातारा माणूस सांगतोय, त्याला खोटं कसं पाडायचं?"

"त्याला नाही पाडलंस. स्वतःला पाडलंस, शहाण्या." मग त्यांना काहीतरी आठवले असावे. "आणि तुझा परवाना रे?"

बासिरूने पिशवी खांद्याला लावली.

परवाना नाकारला गेला. दंड भरून झाला तरी गुन्हा नावावर राहिला, आणि काही वर्षांनी तो नोंदीतून पुसला जाईपर्यंत पुन्हा अर्ज करून उपयोग नाही. इथल्या नागरिकाला एवढीच शिक्षा झाली असती, तर जेवणाच्या वेळेपर्यंत तो विसरला असता. बासिरूची मुलगी आता शाळेत जाते. तो मला रोज अंथरतो, आणि आंपारोबाई न विचारता त्याच्या हातात आइस्क्रीम देतात.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणणार नाही. मला धुतले की झाले. पण परक्या देशातून आलेल्या कोणाला 'हो म्हण आणि सूट' असे सांगायची वेळ आली, तर आधी एवढे विचारा, की सुटल्यावर त्याला घरी जाऊन परत येता येईल का.